मागावरचे कान

धनपाल चौगुलेनं वयाच्या बासष्टाव्या वर्षी आपलं पहिलं गाणं तयार केलं, तेव्हा ते ऐकून त्याची बायको त्रिशला हातातलं काम टाकून, पायात चपला सरकवून थेट शेजारच्या आवारात जाऊन उभी राहिली.

धनपालला वाटलं, बाई शेजारणीला बोलवायला गेली. इतकं चांगलं गाणं एकटीनं कसं ऐकायचं, म्हणून. तो खुर्चीत सावरून बसला, शर्टाची कॉलर सारखी केली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावून श्रोत्यांची वाट बघू लागला. गाणं संपलं तरी कोणी आलं नाही. मग तो उठून दारात गेला, तर त्रिशला दोन्ही कानांत बोटं घालून उभी होती आणि शेजारीण आपल्या खिडक्या लावून घेत होती.

"अहो, बंद झालं का ते?" त्रिशला ओरडली. "दात आंबले माझे!"

धनपालनं आयुष्यभर इचलकरंजीत यंत्रमाग चालवले होते. आठ मागांचा छोटा कारखाना होता, त्याचा मालकही तोच आणि जॉबर, म्हणजे मागांचा मिस्त्रीही तोच. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे आपटायचा, आठ मागांचा मिळून असा काही दणदणाट व्हायचा की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या ओठांकडे बघावं लागायचं. पुढे औद्योगिक वसाहतीत नव्या जातीचे माग आले. त्यांना धोटा नव्हता आणि माणूसही लागत नव्हता. सूत तुटलं तर यंत्रच ते शोधून सांधायचं, त्यामुळे शेडमध्ये दिवेसुद्धा लावत नसत. जुने माग एकेक करत भंगारात गेले, कारखान्यांची गोदामं झाली आणि अख्खं गाव गप्प झालं. ती शांतता धनपालला सोसेना. गावाचा आवाज थांबल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्या कानात एक बारीक शिट्टी सारखी वाजते आहे, आणि ती बंद करायला कुठेही खटका नाही.

त्याच सुमाराला सन्मती, त्याची मुलगी, आपला जुना कॉम्प्युटर घरी ठेवून गेली. सन्मती सांगलीच्या एका इस्पितळात लोकांचे कान तपासायची. कॉम्प्युटरवर 'स्वरपट' नावाचा गाणी करायचा प्रोग्रॅम होता. पडद्यावर नुसत्या चौकटी. डावीकडून उजवीकडे वेळ सरकायचा, खालून वर सूर चढायचा. ज्या चौकटीवर क्लिक कराल ती भरायची आणि तिथला सूर वाजायचा. कुठलं वाद्य हवं ते बाजूच्या यादीतून उचलायचं. नवशिकी माणसं त्या हजारो रिकाम्या चौकटी बघून घाबरून जातात. धनपालनं चष्मा वर केला आणि त्याला हसू आलं. किनारीचं डिझाइन मागावर चढवायच्या आधी तो अशाच चौकटींच्या कागदावर काढत असे. त्यानं आपली जुनी करवतकाठी किनार, दाते वर-खाली होणारी, तशीच्या तशी पडद्यावर उतरवली आणि वाजवून बघितली. सूर चढले, उतरले, पुन्हा चढले. माणूस हरखूनच गेला.

मग त्यानं त्यात झांज घातली, घुंगरू घातले, देवळातली घंटा घातली. ती काही नीट ऐकू येईनात, म्हणून त्यांचा आवाज वाढवला. तरी येईनात, म्हणून आणखी वाढवला. शेवटी सगळं कसं एकमेकांत बसलं, ताणा आणि बाणा दोन्ही दिसावेत तसं, तेव्हा त्यानं त्रिशलाला हाक मारली होती. पुढचं आपण पाहिलंच.

नाउमेद होण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. त्यानं ते गाणं मोबाईलवर घेतलं आणि चौकातल्या चहाच्या गाड्यावर नेलं. तिथं बाकावर दस्तगीर मुजावर बसलेला असे. तोही जुना जॉबर, धनपालचा तीस वर्षांचा मित्र. बायको वारल्यापासून त्याची सकाळ त्या बाकावरच जायची. चहावाल्या पोरीनं गाणं सुरू होताच तोंड वाकडं केलं, पण दस्तगीरनं हातातला कप खाली ठेवला.

"कुणी केलंय रे हे?"

"मीच की."

"खरं सांगतोस?" दस्तगीरनं मोबाईल ओढून कानाशी धरला. "आरं, झांज ऐकू यायली मला! सुनबाईच्या टीव्हीवरची गाणी म्हंजे गोधडीत तोंड घालून कुणी बोलल्यागत वाटत्यात. ह्याच्यात सगळं सुटं सुटं हाय. लाव, परत लाव."

दुसऱ्या दिवशी बाकावर चार म्हातारे होते, आठवड्यानं बाक पुरेनासा झाला. धनपाल रोज नवं काहीतरी करून आणू लागला. कधी टॉवेलची किनार, कधी लुंगीच्या चौकड्या. म्हातारे माना डोलवायचे, ताल धरायचे, एकदा तर एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. गाणी मोबाईलवरून पुढं गेली आणि मागांच्याच गावांतून, भिवंडीहून, मालेगावहून, अनोळखी माणसांचे निरोप येऊ लागले, आणखी पाठवा म्हणून. गावातली तरणी पोरं मात्र चौक ओलांडताना कानावर हात घ्यायची आणि गल्लीतल्या कुत्र्यांनी आपला मुक्काम हलवला तो हलवलाच.

"लोकांस्नी वेड लागलंय," त्रिशला म्हणायची. तिला ती गाणी दुसऱ्या खोलीतूनही सोसवत नव्हती, आणि नवऱ्याचं कौतुक आपल्याला करता येत नाही याचं तिला मनातून वाईटही वाटत होतं.

कोडं सोडवलं सन्मतीनं. ती रविवारी आली, तिनं गाणं ऐकलं, कपाळाला आठी घातली आणि पिशवीतून तपासणीचे हेडफोन काढून वडलांच्या कानांवर चढवले. सूर ऐकू आला की बोट वर करायचं. खालच्या सुरांना धनपालचं बोट झटक्यात वर जायचं. वरचे सूर लागले तेव्हा तो शांतपणे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला. त्याला वाटलं, तपासणी संपली.

"अप्पा, आपल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते," सन्मती त्याच्या समोर बसून, ओठ दिसतील अशा बेतानं सावकाश सांगू लागली. "तिच्यात हजारो बारीक पेशी रांगेत उभ्या असतात, प्रत्येकीच्या डोक्यावर केसांचा झुपका. आवाजाची लाट आली की झुपका हलतो आणि मेंदूला निरोप जातो. वरचे सूर टिपणाऱ्या पेशी दाराशी, खालच्या सुरांच्या आत खोल. तुम्ही तीस-चाळीस वर्षं मागांत उभे राहिलात. पहिला मार दाराशी उभ्या असलेल्यांनी खाल्ला. त्या गेल्या. माणसात त्या परत उगवत नाहीत."

"म्हणून झांज ऐकू येत नाही?"

"म्हणून तुम्ही झांज एवढी वाढवता की तुम्हाला ती बरोबर वाटते, आणि आईचे दात आंबतात. दस्तगीरकाकांचे कान तुमच्यासारखेच झिजलेत, म्हणून त्यांना गोड लागतं. तुम्ही नकळत मागावरच्या कानांचं संगीत केलंय अप्पा. तसं आजवर कोणी केलं नसेल."

धनपालची छाती फुगली. पण सन्मतीचं बोलणं संपलं नव्हतं. तिच्या इस्पितळात नवं औषध आलं होतं, लोक त्याला 'अंकुर' म्हणत. कोंबडीचा कान बिघडला तर त्यातल्या पेशी परत उगवतात, हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. माणसाच्या कानातही त्या मेलेल्या पेशींच्या शेजारी काही पेशी नुसत्या टेकू देत झोपून असतात. अंकुर कानाच्या पडद्यामागे टोचलं की त्या जाग्या होतात आणि त्यांना नवे झुपके फुटतात. मेंदूला नव्या निरोपांची सवय व्हायला काही आठवडे लागतात. औषध बहुतेकांना लागू पडलं होतं.

"मग टोचून टाक की उद्याच!" त्रिशला म्हणाली.

"टोचल्यावर माझी गाणी?" धनपालनं विचारलं.

सन्मती म्हणाली, "तुम्हाला ती आईला ऐकू येतात तशी ऐकू येतील. आणि मागं फिरता येत नाही, अप्पा. एकदा उगवलं की उगवलं."

चौगुल्यांच्या घरचं भांडण ऐकायला गल्लीला कधी भिंतीला कान लावावा लागत नसे. त्या आठवड्यात तर गल्लीनं टीव्हीच बंद ठेवले.

"जन्मात पहिल्यांदा लोक मला म्हणालेत, आणखी एक कर म्हणून!" धनपाल म्हणाला. "कापड विणलं तवा कुणी म्हणालं न्हाई. ते पण सोडू?"

"आणि मी?" त्रिशला ओरडली. "चहा घ्या, गोळी घ्या, पाणी आलंय! एवढंच ओरडता येतंय माणसाला. बाकीचं काय ओरडून सांगायचं असतंय व्हय? दोघंच राहिलोय आता घरात. दोन शब्द हळू बोलावं असं वाटतंय मला, तर तुम्ही तोंडाकडं बघत बसता!"

"म्हंजे ऐकतोयच की."

"बघताय! ऐकत न्हाई!"

दस्तगीरचं मत विचारायची सोयच नव्हती. "तू कान नीट केलास तर आमच्यासाठी कोण करणार?" एवढंच तो म्हणाला. त्याच्या मुलानं त्याचंही नाव इस्पितळात घातलं होतं, ते त्यानं स्वतः जाऊन काढलं होतं. "माझ्याशी हळू बोलणारी गेली, धनपाल. आता कुणाचं ऐकायचं राह्यलंय?"

पुढच्या रविवारी सन्मती आली ती एक युक्ती घेऊन. वडलांच्या कानाच्या तपासणीचा आलेख तिनं कॉम्प्युटरला दिला होता. वडलांना जे सूर जेवढे कमी ऐकू येतात, तेवढे ते कमी करून वाजवायचे, इतकं सोपं गणित. तिनं हेडफोन आईच्या कानांवर बसवले.

"आई, आता तू अप्पांच्या कानानं ऐक."

त्रिशलानं सवयीनं डोळे घट्ट मिटले. गाणं सुरू झालं. हळूहळू तिच्या कपाळावरची शीर सैल पडली. झांज होती, पण दूरच्या देवळात वाजावी इतकी. घुंगरू कुणी अंगणातून अनवाणी जावं तसे. आणि त्या सगळ्याच्या खालून ती किनार चालली होती, दात्यांमागून दाते, कुठंही सूत न तुटता. तिनं डोळे उघडले तेव्हा ते भरले होते.

"किती चांगलं केलंय हो!" ती म्हणाली, आणि धनपाल नव्या नवऱ्यासारखा लाजला.

सगळं इथंच थांबतं तर बरं होतं. पण त्रिशलाच्या मनात काय आलं कोण जाणे, तिनं विचारलं, "सन्मती, माझा आवाज असाच ऐकता येईल? ह्यांस्नी येतो तसा?"

सन्मतीनं आधी टाळाटाळ केली, मग माइक पुढं केला. काय बोलावं ते त्रिशलाला सुचेना. शेवटी ती म्हणाली, "अहो, सकाळी लवकर उठा, सन्मतीला स्टँडवर सोडायचं आहे, आणि येताना शेपू आणा." सन्मतीनं ते वाजवलं. त्रिशला ऐकत राहिली. स नव्हता, श नव्हता, त आणि क कुठंतरी पुसून गेले होते. भिंतीपलीकडं एक बाई बोलत होती, काय ते कळत नव्हतं, आणि ती रागावलीय की हसतेय तेही कळत नव्हतं.

"हे मी हाय?"

सन्मतीनं मान हलवली.

त्रिशलानं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मग ती कुणालाच उद्देशून नाही, नुसती ओठातल्या ओठात काहीतरी बोलली. सन्मतीला ते ऐकू आलं नाही. धनपालला आलं, म्हणजे दिसलं, कारण ओठ वाचण्यात त्याची हयात गेली होती. "मग ह्यांनी मला कधी ऐकलंच न्हाई की," असं ती म्हणाली होती.

सकाळी त्रिशलानं चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला आणि नेहमीच्या वरच्या पट्टीत जाहीर केलं, "राहू दे ते इंजेक्शन! गाणी करा तुम्ही! मी तुमच्या कानानं ऐकत जाईन!"

जिंकल्यावर माणसाला आनंद व्हायला हवा. धनपाल कॉम्प्युटरपुढे बसला आणि दुपारपर्यंत त्याच्या हातून एकही चौकट भरली गेली नाही. अडतीस वर्षं एका बाईबरोबर संसार केला, तिच्या हातचं जेवलो, तिच्यावर खेकसलो, आणि तिचा आवाज कसा आहे ते आपल्याला ठाऊक नाही, हे त्याच्या डोक्यातून जाईना. तिनं हट्ट धरला असता तर तो आणखी वर्षभर भांडला असता. तिनं हात मागं घेतला आणि तो अडकला. संध्याकाळी त्यानं सन्मतीला निरोप पाठवला, नाव घाल म्हणून. गाड्यावर जाऊन दस्तगीरलाही सांगितलं. दस्तगीरनं दुसरा चहा मागवला आणि अर्धा धनपालच्या कपात ओतला.

इंजेक्शनला फार वेळ लागला नाही. पहिले काही दिवस काहीच झालं नाही, नुसती चक्कर यायची. मग एका सकाळी धनपाल दचकून उठून बसला, कारण उशाशी काहीतरी कुरतडत होतं. ते घड्याळ होतं. त्यानंतर जगानं त्याला सळो की पळो करून सोडलं. प्लॅस्टिकची पिशवी, नळाची धार, आपल्याच चपलेची फरफर. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी तो खांदे आकसून घ्यायचा. डॉक्टर म्हणाले, मेंदू शिकतोय, शिकू द्या. त्रिशलानं त्याचा अर्थ घेतला, बोलणं कळायला अजून वेळ आहे.

धीर करून त्यानं आपलं पहिलं गाणं लावलं. झांजेचा पहिला घाव पडला आणि तो खुर्चीतून उठलाच. घंटा तर टाळूत खिळा ठोकल्यासारखी लागली. त्यानं घाईनं गाणं बंद केलं आणि शेजारणीच्या खिडकीकडं बघितलं. हे आपण त्रिशलाला रोज ऐकवत होतो! त्याला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. सगळी गाणी त्यानं एकेक करून थोडी थोडी ऐकली. त्यातलं एकही आता त्याचं नव्हतं.

तो पुन्हा नवशिका झाला. आणि त्याच दिवसांत त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. घरात कुणीतरी बोलतं.

आधी त्याला वाटलं, त्रिशला फोनवर आहे. पण फोन टेबलावर होता आणि ती भांडी विसळत होती. पाठमोरी, अगदी हलक्या आवाजात, ती बोलत होती, आणि ते बोलणं त्याच्याशीच होतं. ओल्या टॉवेलाबद्दल त्याला शिव्या देत होती. गुडघा दुखतोय, पण सांगितलं तर हा माणूस उगीच धावपळ करील, म्हणत होती. थोरल्या बहिणीचा आज वाढदिवस असता, म्हणत होती. तुम्हाला ताप आला होता त्या दिवशी मी फार घाबरले होते, असंही म्हणाली, आणि तवा घासायला घेतला. ऐकणाऱ्याला ऐकू येत नाही या भरवशावर तिनं किती वर्षं हे चालवलं होतं कोण जाणे. धनपाल मधल्या दारात वर्तमानपत्र उघडून बसला. पान उलटलं तर आवाज होईल, म्हणून तो एकच पान वाचत राहिला. तिचा आवाज थोडा खरखरीत होता, आणि 'स' म्हणताना तिची जीभ किंचित अडखळत होती.

तो रोज तसाच बसू लागला. सांगायला हवं, हे त्याला कळत होतं. सांगितलं की ती गप्प होईल, हेही कळत होतं.

मधल्या वेळात त्यानं नवं गाणं केलं. वरच्या सुरांतली एक बासरी, कुजबुजल्यासारखा एक हलका ढोल आणि ऐकू येतील न येतील असे घुंगरू. ते घेऊन तो आधी चौकात गेला. दस्तगीरनं मोबाईल कानाशी धरला, मान खाली घातली आणि वाट बघत राहिला.

"चालू केलंस का?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"संपलं," धनपाल म्हणाला.

दस्तगीरनं मोबाईल पुसून त्याच्या हातात परत दिला. "चांगलंच असंल," तो म्हणाला. "तू केलंयस म्हंजे असंल." आणि मग आपल्या मोबाईलवर त्यानं धनपालचं जुनं गाणं लावलं, मोठ्यानं. धनपाल ते संपेपर्यंत बाकावरून हलला नाही. कान दुखत होते, पण उठून जाणं त्याच्यानं झालं नाही.

घरी त्रिशला भाकरी थापत होती. त्यानं कॉम्प्युटर स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवला आणि गाणं लावलं. तिनं पिठाचे हात तसेच ठेवून ते शेवटपर्यंत ऐकलं.

"छान झालंय!" ती गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली आणि तव्याकडं वळली. भाकरी उलटता उलटता तिचं दुसरं बोलणं सुरू झालं. "सुरुवात बरी हाय. पुढं नुसतं पाणी घातल्यागत झालंय. पण सांगायचं कसं? एवढं नाव झालं होतं, माझ्यापायी सगळं सोडलं ह्या माणसानं."

धनपालला ते झोंबलं. आजवर त्याच्या गाण्याला लोक वा म्हणाले होते किंवा कानात बोटं घालून पळाले होते. कुठं बिघडलंय ते कुणी सांगितलं नव्हतं.

"कुठं पाणी घातल्यागत झालंय?" त्यानं विचारलं, हळू आवाजात.

त्रिशलाचा हात थांबला. ती वळली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. गेल्या कित्येक दिवसांत आपण काय काय बोललो ते ती भराभर आठवत असावी. टॉवेल, गुडघा, बहीण, ताप, सगळं.

"कधीपासनं ऐकू यायलंय तुम्हाला?"

"झाले की बरेच दिवस."

"आणि गप्प बसलात?"

"तू बोलत होतीस," धनपाल म्हणाला.

तव्यावरची भाकरी करपली. त्रिशलानं ती उतरवली, पदराला हात पुसले आणि पाट ओढून कॉम्प्युटरपुढे त्याच्या शेजारी बसली. मग तिनं बोट पडद्याच्या मध्यावर टेकवलं.

"हितनं," ती म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. "हितनं परत लावा."